हाताला विचारणाऱ्या काकी

काकींनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट उघडूनही पाहिलं नाही. बोईसर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांची भाताची गिरणी होती. तिथे हजेरी लिहायला कारकून हवा आहे, असं पालघरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या गाडीने गेलो. फाटकाशी एका उलट्या टोपलीवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ आणि मनगटावर पुरुषी, भलंमोठं घड्याळ. मला वाटलं, राखणीला बसल्या असाव्यात.

“मालक आहेत का?” मी विचारलं.

“वर हायत.” त्यांनी आभाळाकडे बोट केलं. “सहा वर्सं झाली. काय असेल ते मला सांग.”

मी सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“भात तुडवलंस कधी?”

“नाही.”

“मग तुडवणाऱ्यांची हजेरी कशी लिहशील? चपला काढ.”

गिरणीच्या मागे सिमेंटचं मोठं खळं होतं. भरडण्याआधी भात तिथे उन्हात पसरायचं आणि बायांनी ओळीने पाय घासत त्यातून चालत राहायचं, म्हणजे दाणा खालीवर होऊन सारखा वाळतो. लांबून पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. मी अकरा वाजता सुरुवात केली. बारा वाजता सिमेंट तव्यासारखं तापलं, एक वाजता बोटांच्या बेचक्यांत कुसळं शिरून रक्त आलं, आणि दोन वाजता सदरा कुठे काढून ठेवला तेही मला आठवेना. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. संध्याकाळी काकींनी एका बाईची दिवसाची मजुरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “ही आजची. उद्यापासून महिन्यावर.”

ही त्यांची रीतच होती. कुठल्याही कामाचा दर ठरवायचा असो, वाढवायचा असो की कापायचा असो, त्या म्हणायच्या, “थांब, हाताला विचारून सांगते.” म्हणजे ते काम एक पूर्ण दिवस स्वतः करायच्या. पोती शिवणाऱ्या बायांनी पोत्यामागे जास्त मागितलं, तेव्हा काकी सकाळपासून दाभण घेऊन बसल्या. दुपारी दाभण अंगठ्यात घुसलं. फडकं गुंडाळून त्यांनी दिवस पुरा केला आणि दर वाढवून दिला. पण दर नेहमी वाढायचाच असं नाही. तूस ओढून ढीग लावायचं काम त्यांनी एकदा करून पाहिलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, “ह्या कामात मला दोनदा झोप आली. दर कमी.” त्या बायांनी आठ दिवस अबोला धरला. काकींना त्याचं काही वाटलं नाही. त्या त्यांच्याशी रोजच्यासारख्या बोलत राहिल्या आणि उत्तरंही स्वतःच देत राहिल्या.

काकी मूळच्या समुद्राकाठच्या, चिकू-नारळाच्या वाडीतल्या. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायचा घाट घातला, तर यांनी फाटकात टोपली उलटी घालून बसकण मारली आणि गिऱ्हाईक आत जाऊच दिलं नाही. दीर शेवटी मुंबईला निघून गेले. काकी तिथेच बसून राहिल्या, कारण तिथून गाड्या, बाया, खळं आणि इंजिनघर एकाच वेळी दिसायचं. इंजिनाला त्या जावई म्हणत. त्याला सगळं वेळेवर लागायचं आणि तरी तो रुसायचा. आवाज जरा बदलला की टोपलीवरूनच ओरडायच्या, “जावयाला काय झालं बघा रे! घसा बसलाय.”

घड्याळ नवऱ्याचं. गुजरातकडे जाणारी मेल बोईसरवरून गेली की काकी ते लावून घ्यायच्या. मेल दोन तास उशिरा आली तर गिरणीत त्या दिवशी वेळच दोन तास मागे असायची आणि बायांना अंधार पडेतो थांबावं लागायचं. कुणी कुरकुरलं तर काकी म्हणायच्या, “माझ्यावर काय रागावता? रेल्वेवर रागवा.”

ऑफिसात खुर्ची एकच, आणि ती माझी. मी उभा दिसलो की त्या खेकसायच्या, “बस! तुला बसायचा पगार देते.” चहा त्यांनी कधी कुणाला पाजला नाही. वाडीवरून चिकू यायचे, त्यांतले डागाळलेले तेवढे आम्हाला वाटायच्या आणि चांगले विकायला पाठवायच्या. उशिरा येणाऱ्या बाईचे पाव दिवसाचे पैसे त्या बिनदिक्कत कापायच्या. हे सगळं आधीच सांगून ठेवतो. काकी संत नव्हत्या.

मी लागल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात किनाऱ्याकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात सुरू झालं. सकाळी स्टेशनच्या रस्त्यावर मजुरांना न्यायला ट्रक उभे राहायचे. “चलो, चलो, घिवली, घिवली,” असे बांधकामाजवळच्या गावाचे पुकारे ऐकू यायचे. तिथली मजुरी आमच्यापेक्षा चांगली होती. आमच्याकडे अठरा बाया होत्या, बहुतेक सरावलीच्या बाजूच्या पाड्यांवरून चालत येणाऱ्या. पावसाळ्यात डोंगरउतारावरची स्वतःची टीचभर जमीन कसायची आणि कापणी झाली की गिरणीत यायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. त्यांतली एखादी सोमवारी यायची नाही, आणि मंगळवारी कळायचं की ती ट्रकवर गेली. मग नवीन बाई शोधा, तिला शिकवा. भात ओलं राहायचं, भरडताना तांदूळ तुटून नुसती कणी पडायची. काकी चिडून म्हणायच्या, “आठवडाभर शिकवते मी आणि घेऊन जातो ट्रकवाला.”

अशात एक दिवस ठाण्याहून कामगार खात्याचे निरीक्षक आले. माझ्याच वयाचे, किरकोळ अंगाचे, बगलेत फायली. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, “बाई, कामाचे तास किती?”

“मेल वेळेवर आली तर नऊ.”

“आणि उशिरा आली तर?”

“ते रेल्वेला विचारा.”

निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. भाताच्या गिरण्यांसाठी सरकारने किमान मजुरीचा नवा दर ठरवला होता. आठ तासांचा दिवस, त्याहून जास्त काम घेतलं तर वेगळे पैसे, आणि दिवसाचा दर आमच्या चालू दराच्या जवळजवळ दीडपट. पुढच्या महिन्यापासून लागू.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. “हा दर ठरवला त्यांनी हाताला विचारलं का?”

“समिती होती, बाई. सगळ्यांचं ऐकून ठरवलंय.”

“समितीला हात असतात ना?”

निरीक्षकांचा चेहरा लाल झाला. फाईल बांधता बांधता ते म्हणाले, “माझी आई विड्या वळायची. तिला असा दर मिळाला असता तर माझी शाळा दोन वर्षं बंद पडली नसती.”

कोपऱ्यातल्या करंडीतून काकींनी चार चिकू काढून त्यांच्यापुढे ठेवले. एकावरही डाग नव्हता.

पुढच्या आठवड्यात पालघरला एका वखारीत आसपासच्या गिरणीवाल्यांची बैठक झाली. काकींबरोबर मीही गेलो. पंधरा-वीस पुरुष आणि काकी एकट्या. एकजण म्हणाला, एवढं घाबरायचं कारण नाही, रजिस्टरमध्ये नवा दर लिहायचा, बायांचा अंगठा घ्यायचा आणि हातावर जुनेच पैसे ठेवायचे. बायांना कुठे वाचता येतं! बऱ्याच माना हलल्या.

काकी उठून म्हणाल्या, “अंगठा तिचा आणि खोटं माझं. मला नाय जमायचं.” आणि चालू लागल्या.

मला त्यांचा अभिमान वाटला. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी तसं बोलून दाखवलं, तर माझ्यावरच उखडल्या. “अभिमान ठेव खिशात. गिरणी खरेपणावर नाय चालत, तेलावर चालते. नवा दर सगळ्यांना दिला तर तेलाचे पैसे कुठून आणू? सहा जणी कमी कराव्या लागतील. नावं काढून ठेव.”

मी नावं काढली. सगळ्यांत वर बुधी होती. बुधी सगळ्यांत म्हातारी, तिची टोपली नेहमी अर्धीच भरलेली. ती यादी काकींनी दोन दिवस कमरेला खोचून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून खळ्यावर उतरल्या आणि आठवडाभर बायांबरोबर काम करत राहिल्या. भात पसरलं, तुडवलं, पाखडलं, पोती भरली. शनिवारी ऑफिसात येऊन जमिनीवर बसल्या आणि पाय चोळत म्हणाल्या, “लेका, नऊ तासांतले तीन तास आमी नुसत्या बसून असतो. बैलगाडी आली नाय म्हणून बसा, भात गरम हाय म्हणून बसा, जावई रुसला म्हणून बसा. दिवस विकत घेतलाय म्हणून मी त्यांना सांभाळून ठेवते. कोणाला काढायला नको. तास काढू.”

आणि त्यांनी दोन पाळ्या केल्या. नऊ बाया सकाळी, नऊ दुपारी, प्रत्येकीला सहा तास. मजुरी नव्या दराने, पण सहा तासांची. हातात पडणारे पैसे आधीपेक्षा थोडे जास्त, काम तीन तासांनी कमी, आणि कुणाचीच नोकरी गेली नाही. काकी इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी चहा मागवला. हे कायद्यात बसतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. काकींनी विचारलं नाही आणि मी खोलात शिरलो नाही.

काही बायांना ते आवडलं. लहान मुलं असलेल्या दुपारीच घरी जाऊ लागल्या. पण रखमीला आवडलं नाही. रखमी तिशीची, बायांमध्ये सगळ्यांत चपळ आणि बोलायला कुणाला न भिणारी. मजुरी घेताना तिने पैसे पाहिले आणि तशीच टोपलीसमोर उभी राहिली.

“काकी, दर वाढला म्हणता.”

“वाढला ना. दीडपट.”

“मंग माझ्या हातात का नाय वाढला? तुमी दिस कापला आमचा. तीन तास आधी घरी गेले म्हणून पोरं दोन घास कमी खात नाय.”

“कोणाला काढलं तर नाय ना? आणि फुकट नाय बोलत मी, आठवडाभर तुझं काम केलंय.”

“काम केलंत,” रखमी म्हणाली. “मजुरी घरी नेऊन नाय पाहिलीत.”

मला वाटलं, आता रखमी कामावरून जाणार. काकींनी मला हाक मारली. “रजिस्टरात रखमीच्या खाली माझं नाव लिही. आजपासून.”

त्या दिवसापासून काकी सकाळच्या पाळीत सहा तास काम करायच्या आणि शेवटी रांगेत उभ्या राहून माझ्याकडून मजुरी घ्यायच्या. घर त्या पैशांतच चालवायचं असं ठरवलं. घरात त्या आणि त्यांची ऐंशीची सासू. स्वतःच्या गिरणीतला तांदूळही बाजारभावाने पैसे टाकून न्यायच्या. वाडीवरून आलेल्या नारळांना हात लावायचा नाही. पहिले दोन दिवस त्यांना गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी सासूच्या चहातलं दूध बंद झालं. म्हातारीने अंगणात येऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, “सून गिरणीची मालकीण, आणि मला काळा चहा!” चौथ्या दिवशी मासळीवाली दारात आली, तिला काकींनी परत पाठवलं. मासळीवाली बावचळून मला विचारायला आली, “काकी आजारी हायत काय?”

पाचव्या दिवशी खरंच आजार आला, पण सासूला. ताप. काकी कामावर आल्या, पण पाय नेहमीसारखे चालत नव्हते. खळ्यावर रखमीच्या शेजारून चालताना त्यांनी विचारलं. मी हजेरी घेत जवळच होतो, म्हणून ऐकलं.

“पोराला ताप आला की काय करता गं तुमी?”

“काय करणार! दोन दिस थांबतो. उतरला तर उतरला.”

“आणि नाय उतरला तर?”

रखमी भातातून पाय घासत पुढे गेली. ओळीच्या टोकाला वळली आणि परत आली. तिची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, हे मला नंतर बायांकडून कळलं. काकींना तेव्हा माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

दुपारी काकींनी स्वतःच्या पेटीतून पैसे घेतले, पालघरहून डॉक्टर आणला, औषध आणलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली आणि दुधाचा चहा प्यायली. काकी ऑफिसात आल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मला दोन दिस थांबता नाय आलं रे.”

सोमवारी त्यांनी सगळ्या बायांना सांगितलं, “उद्यापासून सगळ्या आठ तास. नव्या दराने.” एवढंच. चूक झाली, माफ करा वगैरे काही नाही. ते त्यांच्या जिभेवर यायचंच नाही.

मग पैसे कुठून आणायचे, याच्या मागे लागल्या. आजवर तूस कुणीही फुकट न्यायचं, ते त्या वीटभट्टीवाल्यांना विकू लागल्या आणि त्यांच्याशी अशी घासाघीस केली की एक भट्टीवाला मला म्हणाला, “तुमच्या बाई तुसाचं सोनं करतील.” भरडाईचा दर थोडा वाढवला. त्यावर काही शेतकरी रागावून पालघरच्या गिरण्यांकडे गेले, त्यांतले निम्मे कणी जास्त पडते म्हणून परत आले. बैलगाड्यांना वेळ नेमून दिली, म्हणजे बाया बसून राहायला नकोत. आणि मुख्य म्हणजे मेलवरून घड्याळ लावणं सोडलं. आठ तास भरले की लोखंडी रुळाच्या तुकड्यावर मी टोले द्यायचे, अगदी मिनिटावर. गंमत अशी की आता बाया ट्रककडे जाईनात. शिकलेले हात टिकले, भात नीट वाळू लागलं, तांदूळ अख्खा पडू लागला. पण त्याची दुसरी बाजूही निघाली. दरवर्षी होळीनंतरही रेंगाळणारं काम त्या वर्षी भराभर उरकून होळीआधीच संपलं. बायांना दिवसाला जास्त मिळाले, पण दिवस कमी भरले. काकी मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, “एकंदरीत त्यांना जास्त मिळालं ना?” मी बेरीज करून दाखवायचो. मिळालं होतं, पण रखमीला वाटलं होतं तेवढं नाही. “तरी जास्त ना?” त्या म्हणायच्या. मी हो म्हणायचो.

आणि अठराच्या सोळा झाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. एकजण सहा तासांच्या पाळ्यांच्या दिवसांतच ट्रकवर गेली होती, तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. दुसरी बुधी. नव्या दरात अर्धी टोपली परवडत नव्हती.

निरोप पाठवून भागलं असतं. पण काकी मला घेऊन उन्हात चालत बुधीच्या पाड्यावर गेल्या. बुधी झोपडीसमोर शेणाने सारवत होती. काकींनी सुरुवात केली ती बैलगाड्यांपासून, मग तेलाचा भाव, मग कायदा. बुधीने हात धुतले आणि म्हणाली, “मी हळू हाय म्हणून नको ना?”

“हो,” काकी म्हणाल्या.

“मंग तसं सांगा. येवढं लांबून कशाला येता?” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी, “नवा दर आला तवा लुगडं घेईन म्हटलं होतं मी.”

परत येताना काकी रुळांशी थांबल्या. “कायदा चांगला हाय रे,” त्या म्हणाल्या. “बुधीला कोणी सांगावं?”

आठवड्याभरात त्यांनी बुधीला पायलीभर कणी पाठवली. बुधी ती परत घेऊन आली. “काम नाय, तर कणी कशाची?” काकींनी समजावलं, रागावल्या, शेवटी हरल्या. तोडगा बुधीनेच काढला. ती खळ्याच्या कडेला सावलीत बसून चिमण्या आणि बकऱ्या हाकायची, आणि त्याची तिला कणी. रोज येऊ लागली. रजिस्टरात तिचं नाव नव्हतं.

निरीक्षक पुन्हा तपासणीला आले. रजिस्टर पाहिलं, तास पाहिले, चार बायांना बाजूला घेऊन विचारलं. सगळं ठीक निघालं. काकींनी आपण होऊन सहा तासांच्या पाळ्यांची हकीकत सांगितली, तशी ते दचकलेच. “बाई, काम तुम्हीच कमी दिलं तर मजुरी कापता येत नाही. बरं झालं आधीच बंद केलंत, नाहीतर मला खटला भरावा लागला असता.”

“तुमच्या आधी रखमीने भरला,” काकी म्हणाल्या.

जाताना निरीक्षकांचं लक्ष सावलीत बसलेल्या बुधीकडे गेलं. हातात काठी, तोंडाने “हुश, हुश” चाललेलं.

“ह्या कोण?”

“पाव्हणी हाय माझी.”

“रोज येतात?”

“तिला आवडतं इथे.”

निरीक्षकांनी लेखणी उघडली. बुधीकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या कणीच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग लेखणी बंद केली आणि म्हणाले, “मला गाडी गाठायचीय.” त्यांनी केलं ते बरोबर की चूक, यावर मी पुढे बराच विचार केला. काकींनी केला असेल असं वाटत नाही. त्यांनी निरीक्षकांच्या पिशवीत चिकू कोंबले.

आणखी दोन हंगाम मी तिथे होतो. मग किनाऱ्याच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे मला भांडारपालाची जागा मिळत होती. पगार गिरणीच्या जवळजवळ दुप्पट. पत्र खिशात घेऊन मी चार दिवस हिंडलो. घरी आई होती, धाकटी बहीण लग्नाची होती, पैशांची गरज होती. पण गिरणी सोडायला मन होईना. पाचव्या दिवशी मी काकींना सांगितलं.

त्यांनी पगार विचारला. तास विचारले. सुट्टी किती, पगार कुठल्या तारखेला, जेवायला वेळ देतात का, आजारी पडलं तर पैसे कापतात का, सगळं बारकाईने विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “येवढे मला नाय परवडायचे.”

“वाढवू नका, काकी,” मी म्हटलं. “आहे त्यातच राहतो मी.”

मी ते मनापासून बोललो होतो. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

“बायांना कमी दिलं तर कायदा मला धरतो. तू आपण होऊन कमी घेतोस. तुला कोण धरणार?”

मी खिशातलं पत्र चाचपलं.

“तुझी किंमत त्यांनी ठरवली, ती बरोबर हाय. मला ठाऊक होतं, म्हणून तर गप्प होते इतके दिस. सोमवारी इथे दिसलास तर फाटक उघडणार नाय.”

एवढं बोलून त्या वळल्या आणि भाताच्या कोठारात गेल्या. हंगाम संपला होता, कोठार झाडून रिकामं केलेलं होतं, तिथे त्यांचं काही काम नव्हतं. मी रजिस्टरं कपाटात लावली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पाच वाजेपर्यंत थांबलो. त्या बाहेर आल्या नाहीत.